शेंदराखालचा धम्मपाल

फाट्यावरच्या धोंड्याला शेंदूर लागला, ही खबर पंचफुलाला टँकरच्या रांगेत कळली. ती आधी हसलीच. दुष्काळात माणसाच्या हाताला काम नसतं, बसला असंल एखादा धोंडे रंगवत, असं तिला वाटलं. मागून कुणीतरी म्हन्लं, "तुज्या धम्मपालचा धोंडा गं." मग मात्र घागर रांगेतच ठेवून ती फाट्याकडं निघाली. त्या साली रांगेतली घागर सोडून जाणं म्हणजे ताटावरून उठून जाण्यासारखं होतं. तरी गेली.

धोंडा खरंच लालभडक झाला होता. वर तेल ओतलेलं, पुढं फुटका नारळ, दोन उदबत्त्या. गुडघ्याइतका उंच, वरून सपाट, बसायला बरा असा तो धोंडा. पंचफुलाचा लेक पळून आला की त्याच्यावर बूड टेकायचा आन् पायातले काटे काढायचा. तेवढंच त्या धोंड्याचं पुण्य. पंचफुला पदर तोंडाला लावून उभी राहिली. रडावं का भांडावं हे तिला कळेना, आन् भांडावं तर कुणाशी, हे तर त्याहून कळेना.

ती मूळची धर्माबादकडची. लगीन होऊन देवणीकडच्या ह्या माळावर आली, तव्हा तिच्या सासूच्या अंगात यायचं. दर पुनवेला सासू केस सोडून घुमायची आन् सून म्हणून पंचफुला तिच्यापुढं लिंबाचा पाला धरायची. मग छप्पन्न साल आलं. नवरा केरबा नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला, आल्या आल्या देव्हाऱ्यातले टाक टोपल्यात भरले आन् मांजरा नदीच्या डोहात सोडून दिले. सासूनं अन्न टाकलं, केरबाला नाही नाही ते बोलली, पण तिच्या अंगात पुन्हा काही आलं न्हाई. "टाक बुडाले, वारं बी बुडालं," असं केरबा म्हणायचा. बावीस प्रतिज्ञा त्याला तोंडपाठ. पंचफुलाला निम्म्या यायच्या, पण पाळायची ती सगळ्या.

धम्मपाल त्याच्यानंतरचा. बहात्तरच्या दुष्काळात आई-बाप खडी फोडायचे तव्हा हे पोरगं रस्त्याच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत मुकादमाचे निरोप घेऊन पळायचं. तिथंच त्याला पळायची चटक लागली. शाळेत पळाला, तालुक्याला पळाला, जिल्ह्याला पहिला आला. पोलीस भरतीची तयारी करताना गुडघ्याच्या वर सूज आली. लचक भरली असंल म्हणून तेल लावलं, शेकलं. सूज उतरली न्हाई. शेवटी हाडाचा कॅन्सर निघाला, मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात मांडीतून पाय काढला. त्या वॉर्डात त्याच्याहून लहान लेकरं होती. तिथल्या एका डॉक्टरनं त्याला सरळ सांगितलं, की हाडात हे का होतं ते अजून पुरतं कळलेलं न्हाई, आन् ते शोधायला माणसं लागतात, पैसा लागतो, वर्षं लागतात. धम्मपाल गावाकडं आला तो हे डोक्यात घेऊनच आला. म्हन्ला, मी पळत जिल्ह्याला जाणार, वाटंत लोकांकडून पैसा गोळा करणार आन् त्या शोधाच्या कामाला पाठवणार.

पंचफुलानं विचारलं, "त्या पैशानं तुला औषध देनार हायत का?"

"न्हाई."

"मंग?"

"संशोधन करतील. हे का होतं त्याचं."

"कळल्यावर तुजा पाय येनार हाय का?"

"माय, तू लई सरळ इचारतीस," असं म्हणून तो कुबड्या घासत बसला.

कुबड्या बाभळीच्या. उदगीरच्या सायकल दुकानवाल्या नजीरनं त्यांच्या खाली टायरचे तुकडे ठोकून दिले होते. हा नजीर धम्मपालचा दोस्त. एका पायावर आन् दोन कुबड्यांवर धम्मपाल निघाला आन् मागं सायकलवर नजीर, हँडलला टिनाचा डबा बांधलेला. जायचं होतं उस्मानाबादला, कारण तव्हा जिल्हा तो. गावोगावच्या शाळेपुढं पोरं उभी, डब्यात पैसे पडायलेत, असं करत लातूर आलं. लातुरात एका आडत दुकानाच्या पायरीवर धम्मपाल बसला तो उठलाच न्हाई. दम लागत होता. रोग छातीत गेला होता. "नजीरभाई, बस," म्हन्ला. "पोचलो समज." नजीरनं सायकल यष्टीच्या टपावर टाकली आन् दोस्ताला घरी आणला. त्याच पावसाळ्यात धम्मपाल गेला.

पुढच्या वर्षी सरकारनं उस्मानाबादचा जिल्हा तोडला आन् लातूर नवा जिल्हा केला.

इथूनच सगळा घोटाळा झाला. नजीरला बोलायची हौस. पंक्चर काढता काढता तो गिऱ्हाइकाला दोस्ताची गोष्ट सांगायचा आन् शेवटी म्हणायचा, "लातूरला बसला अन् बोलला, पोचलो समज." त्याला सांगायचं असायचं की बिचारा पोचू शकला न्हाई. ऐकणारानं बोट तोंडात घातलं. जिल्ह्याला निघालेलं पोरगं लातूरला थांबतं, पोचलो म्हणतं, आन् वर्षानं जिल्हाच लातूरला येतो? मंत्र्याला ठाव नव्हतं ते केरबाच्या पोराला कसं ठाव? उदगीरपासून देवणीपर्यंत बाजारात हे फिरलं. फिरता फिरता "त्याला कळलं होतं" ह्याचं "त्यानंच जिल्हा आणला" झालं.

मग काही वर्षांनी हा दुष्काळ. दिवाळी होते न होते तोच टँकर सुरू. गावातला मोठा शेतकरी व्यंकटी, ज्याच्या दावणीला देवणी वळू असायचा, त्यानं दोन बोअर मारले, दोन्हीतून धुरळा निघाला. तिसऱ्या वेळी मशीनच्या पुढं चालता चालता तो फाट्यावर थांबला, धोंड्यावर नारळ ठेवला आन् म्हन्ला, "जिल्हा आनलास, आता पानी बी आन." पाणी लागलं. व्यंकटीनं त्याच सांजेला शेंदूर कालवला.

ज्या व्यंकटीच्या बापानं पंचफुलाला विहिरीच्या काठाला पाय लावू दिला नव्हता, तो व्यंकटी तिच्या दारात येऊन म्हन्ला, "फुलामाय, बोअरवर पहिली घागर तुमची. तुमच्याबिगर कुनी भरायचं न्हाई."

पंचफुलानं केरबाकडं बघितलं. केरबा रॉकेलची बाटली आन् काथ्या घेऊन शेंदूर खरडायला निघालाच होता. तो थांबला. वस्तीत टँकर तीन दिवसाआड यायचा. केरबानं बाटली कोनाड्यात ठेवली. व्यंकटी गेल्यावर म्हन्ला, "पानी जमिनीचं हाय. देवाचं न्हाई."

"मंग आनू का?"

"आन की. मी कुठं न्हाई म्हन्लो."

तव्हापासून पंचफुला पहिली घागर भरायची आन् मागं उभ्या बायका तिच्या पाया पडायला बघायच्या. ती पाय मागं घ्यायची, तर त्या जागेची माती कपाळाला लावायच्या. लोक पाया पडायलेत म्हणून तिला बरं वाटायचं का? वाटायचं. जन्मात कधी कुणी पडलं नव्हतं. मग घरी आली की बाबासाहेबांच्या फोटोकडं बघायची तिला चोरी वाटायची.

नजीरनं डबा आता धोंड्याशेजारच्या लिंबाला टांगला होता. दरसाल धम्मपालच्या नावानं पोरं लातूरपर्यंत पळायची, डब्यातला पैसा मुंबईच्या त्या कामाला जायचा. शेंदूर लागल्यापासून डबा असा भरायला लागला, की झाकण बसंना.

"तुला हे पटतं का रं, नजीर?" तिनं एकदा विचारलं.

नजीर धोंड्याकडं पाठ करून बसला होता. "मेरेकू मत पूछो, खाला. माजा बी मजहब हाय. म्हून तर मी तिकडं तोंडच करत न्हाई. डबा राखतो आन् रस्त्याकडं बघतो."

"त्यानं का धोंड्याला पैसे टाका म्हन्लं होतं?"

"त्यानं संशोधनाला टाका म्हन्लं होतं. जातंय की तिथंच. लोक देवाला देतात, डॉक्टरला पोचतंय. आता ह्यात गुन्हा कुनाचा, तुमीच सांगा."

"शोध लागला का मंग?"

"चालू हाय, खाला."

"आजून?"

"ते काय पंक्चर हाय का, पान्यात बुडवलं की बुडबुडा दिसला."

माघातल्या अमावस्येच्या आदल्या दिवशी सरजाबाई आली. देवणीच्या पलीकडच्या खेड्यातली, अंगानं काटक, बोलायला फटकळ. संगं लेक सिंधू, शाळेतली पोर, आईच्या खांद्याला धरून लंगडत चालणारी. पाच अमावस्या धोंड्याला पाणी घालायचं आन् उदबत्तीचा अंगारा पोरीच्या गुडघ्याला लावायचा, असा नवस. ही तिसरी. "देवाची आई कुठं ऱ्हाती" असं विचारत ती बोअरवर आली.

पंचफुलानं पोरीला घागरीशेजारी बसवलं आन् परकर गुडघ्याच्या वर सरकवला. सूज घट्ट, वरची कातडी ताणून चकाकणारी, निळ्या शिरा. पंचफुलाचा हात तिथं टेकला तसा आपोआप मागं आला. ही सूज तिनं एकदा लेकाच्या पायावर तेलानं चोळली होती.

"हिला आजच्या आज दवाखान्यात ने," ती म्हन्ली. "मोठ्या. मुंबईला."

"तिथं पाय कापतात म्हनं."

"कापतील. पन जीव ऱ्हाईल."

"तुमच्या लेकाचा कापला. ऱ्हायला का?" सरजाबाई म्हन्ली, आन् लगेच तोंडावर हात ठेवला. "चुकले माय. ते तर देव झाले."

"देव-बिव न्हाई झाला. मेला. माजं लेकरू होतं ते, चारचौघासारखं. लहानपनी गूळ चोरून खायचा."

"किस्नानं बी लोनी चोरलं."

"अगं, मानूस होता तो."

"देव मानसातच येतो की."

"देव असता तर मेला असता का?"

"समाधी घेतली म्हनावं."

जे म्हणावं ते ती बाई उचलायची आन् देवाच्या पदरात टाकायची. आसपासच्या बायका मान हलवत होत्या, आन् व्यंकटीची सून हळूच म्हन्ली, "आईला मानूसच दिसनार. तिची माया हाय." सिंधू मात्र कुणाकडं बघत नव्हती. दुखणारा पाय दोन्ही हातांनी धरून बसली होती.

त्या दिवशी पंचफुलाच्या चुलीवर भाकर करपली. केरबाला तिनं सगळं सांगितलं. तो कोनाड्यातली बाटली घेऊन उठला. "आता खरडतोच. मुळावरच घाव घालतो."

"खरडा. मंग काय हुईल?"

"देव न्हाई हे कळंल."

"न्हाई. देव कोपला म्हनतील. ती बाई पोरीला घेऊन दुसऱ्या धोंड्याकडं जाईल. हितं निदान माज्या डोळ्यापुढं हाय."

केरबा बाटली हातात धरून उभा राहिला. बावीसांत ह्याचं उत्तर कुठं होतं का, हे तो मनात धुंडाळत असावा. सापडलं न्हाई. "तू समजावून सांग," एवढंच म्हन्ला.

"समजावलं. मी बोलले की आई बोलती. देव बोलल्याबिगर ती आयकनार न्हाई."

केरबानं तिच्याकडं बघितलं आन् त्याला काय ते कळलं. "फुले, तसलं काही करू नगंस," म्हन्ला. तिनं हाव म्हन्लं न्हाई, न्हाई बी म्हन्लं न्हाई.

सकाळी अमावस्येला फाट्यावर माणूस मावत नव्हतं. पंचफुला आली, गर्दीनं वाट दिली. ती धोंड्यापुढं बसली आन् अंबाडा सोडला. सासूचं तिनं बघितलेलं होतं. आधी मान, मग खांदे, मग हुंकार. पण बघणं येगळं आन् करणं येगळं. मान हलवली तर कंबरेत कळ आली. हुंकार काढला तो ढेकरासारखा निघाला. तिला हसू यायला लागलं, आन् हसू दाबताना सगळं अंग थरथरलं. एक म्हातारी म्हन्ली, "वारं अडखळायलंय. पाला धरा." कुणीतरी लिंबाचा डहाळा मोडून तिच्या नाकाशी धरला. तो कडू वास छातीत गेला, आन् मग काय झालं ते तिला नीट सांगता यायचं न्हाई.

"व्यंकट्या," ती ओरडली.

व्यंकटी पुढं आला, हात जोडून. त्या गावात वस्तीतल्या कुठल्या बाईनं त्याला अशी हाक मारली नव्हती.

"ही पोरगी दिसती का तुला? आंधळा हायस का?"

"दिसती, देवा."

"हिला मुंबईला ने. जिथं माजा पाय काढला तिथं ने. आत्ताच्या आत्ता ने. धोतर बदलायला घरी जाऊ नगंस. खर्च तुजा. ती दवाखान्याच्या भाईर येईस्तोर तू तिथून हालायचं न्हाई."

"हाव, देवा."

"आन् सरजे, तू अंगारा लावलास तर याद राख. डॉक्टर काय म्हनंल ते माजं म्हननं."

सरजाबाईचे हात पोरीच्या खांद्यावर घट्ट झाले, मग सुटले. व्यंकटीनं खरंच धोतर बदललं न्हाई. दुपारच्या यष्टीत तिघं उदगीरला निघाले, आन् यष्टी दिसेनाशी होईपर्यंत पंचफुला केस मोकळे सोडून तिथंच बसली होती. नजीर रस्त्याकडं तोंड करून होता. पहिल्यांदाच त्यानं मान वळवून धोंड्याच्या बाजूला बघितलं आन् पुन्हा फिरवली.

घरी केरबा भिंतीला टेकून बसला होता.

"ढोंग होतं ना?" त्यानं विचारलं.

"हाव."

"नक्की?"

पंचफुला चूल पेटवायला लागली. तिनं मनात ठरवलं होतं की 'त्याचा पाय' म्हणायचं. तोंडातून 'माजा' आलं. ते कुठून आलं? कडू वासानं डोकं फिरलं असंल. का सासूचं ऐकून ऐकून जिभेला वळण पडलं असंल? का आई म्हणून तो पाय तिचाच होता, म्हणून आलं? कुठलं खरं धरावं हे तिला त्या दिवशी कळलं न्हाई, आन् पुढं बी न्हाई.

"भाकर खा," ती म्हन्ली. केरबानं खाल्ली. वस्तीतली चार माणसं तिला बोलायला आली, तव्हा त्यांना म्हन्ला, "तिला काय इचारायचं ते मला इचारा." त्यांनी विचारलं. त्याला सांगता आलं न्हाई. ते चहा न पिता गेले.

पुढच्या अमावस्येला हुकूम घ्यायला रांग लागली. कुणाची दाढ, कुणाचं पोटुशी न राहणं, कुणाचा खोकला. पंचफुलानं केस सोडले न्हाईत, नुसती बसल्या जागी सांगायची, "दवाखान्यात जा." एकाची म्हैस दूध देईना. "ढोराच्या दवाखान्यात जा." लोक म्हन्ले, ह्या देवाचा एकच हुकूम, पण पक्का. बरेच जण जायचे. न जाणारे नारळ ठेवून घरी जायचे. डबा भरतच होता.

मिरीग तोंडावर आला, आभाळ कोरडंच होतं, तव्हा व्यंकटी तिघांची वळकटी घेऊन फाट्यावर उतरला. एवढे महिने दवाखान्याच्या ओसरीत झोपून त्याचं अर्धं अंग उरलं होतं. मागून सरजाबाई, आन् मग दवाखान्याच्या कुबड्यांवर सिंधू. एक पाय मांडीपासून न्हाई. डोक्यावर केस न्हाईत. पण चेहऱ्यावर भूक दिसत होती, आन् भूक असलेलं माणूस कसं दिसतं हे पंचफुलाला माहीत होतं. शेवटच्या दिसांत धम्मपालला ती लागत नव्हती.

सरजाबाई तिच्यापुढं येऊन उभी राहिली. "पाय जाईल हे देव बोलला न्हाई."

"मी बोलले होते की. बोअरवर."

"तुमी आई म्हून बोलला होता. देव म्हून न्हाई." तिनं पोरीच्या बोडक्या डोक्यावर हात ठेवला. "सलाईनमधून काय काय सोडलं पोरीला. वकून वकून मरायला टेकली. डॉक्टर म्हन्ला, हे औषध आधी नव्हतं, आता आलंय. म्हन्ला, येळेवर आनली."

पंचफुलानं नजीरकडं बघितलं. "आपल्या डब्यातलं का रं ते?"

नजीरनं दाढी खाजवली. "अल्लाला ठावं, खाला. डब्याच्या पैशावर कुठं नाव लिव्हलेलं असतं."

"सरजा," पंचफुला म्हन्ली, "त्या दिशी देव बोलला न्हाई. मीच बोलले. ढोंग केलं मी. शिव्या द्यायच्या तर मला दे."

सरजाबाई नाक पुसून म्हन्ली, "तेच की. तुमच्याच तोंडानं बोलला."

पंचफुलानं हात टेकले. तेवढ्यात सिंधूला दम लागला होता, आन् कुणाचं लक्ष नव्हतं. ती कुबड्या टेकत लिंबाच्या सावलीला गेली, कुबड्या खोडाला लावल्या आन् धोंड्यावर बसली.

शेंदराचा ताजा लेप होता, परकराला लागला. सरजाबाई धावली, "ऊठ गं मुडद्ये, देव हाय तो," म्हणत. व्यंकटी नारळ उचललेला हात तसाच वर धरून उभा राहिला. त्याला फोडायला जागा दिसेना.

"फुलामाय, पोरीला उठवा. नारळ कुठं फोडू?"

"थांब की व्यंकट्या," पंचफुला म्हन्ली. "दमलंय लेकरू. बसू दे तिला."

'व्यंकट्या' म्हन्ली आन् तिचीच ती गोंधळली, कारण केस तर बांधलेले होते आन् पाला कुणी धरला नव्हता. व्यंकटीनं तिच्याकडं बघितलं, धोंड्याकडं बघितलं, आन् नारळ खाली ठेवून आपण बी मातीत बूड टेकलं.